दमलेल्या बॅटरीचा आवाज

प्रिय दादा,

सोबतची फाईल आधी उघड, मग पुढे वाच. उघडली नाहीस ना? माहीत होतं मला. तर ऐक, तुझ्या गिटारचा आवाज बदलणारं ते पेडल लॅपटॉपमध्ये उतरलं. हे गेलं तर दुसरं मिळणार नाही, म्हणून तुझा जीव किती खाली-वर व्हायचा! आता तिकडे गिटार नुसती लॅपटॉपला जोडलीस, तरी बाबांनी तुझ्यासाठी घरी जुळवलेल्या त्या डबीचा खरखरीत, जरा फाटलेला आवाज जसाच्या तसा येईल. हुश्श.

पण घाम फोडला हं त्यानं. तसं काम सोपं. सॉफ्टवेअर पेडलमधून ठरावीक आवाज सोडतं, बाहेर काय येतं ते ऐकतं आणि त्याची नक्कल शिकतं. मी बटणं तुझ्या खुणांवर लावली, नवाकोरा अडॅप्टर जोडला, तर आवाज आला इस्त्री केल्यासारखा. पुन्हा केलं, पहिले पाढे पंचावन्न. शेवटी आईच कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, हा काही आपल्या पोराचा नाही, त्याचा कसा दमलेला असायचा.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाबांनी तुला नवी बॅटरी कधी दिलीच नव्हती. दुरुस्तीच्या कामात वापरायच्या त्यांच्या मीटरमधली उतरली, की ती तुझ्या पेडलला. लोक म्हणायचे, काय आवाज काढतो पोरगा, आणि निम्मी करामत त्या बॅटरीची! मी मीटर उघडला, त्यातली दमलेली बॅटरी पेडलला लावली, नक्कल पुन्हा शिकवली, गिटार छेडली आणि वाटलं, तू घरात आलास. आईची घडी अर्धवट राहिली. बाबा दारात उभे राहून हसत होते. दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

आता खरी बातमी. फोनवर माझ्या आवाजावरूनच तू ओळखलं असतंस, म्हणून लिहितेय. दुसऱ्या दिवशी त्याच खुशीत बाबांनी पेडल उघडून साफ केलं आणि तपासायला भलताच अडॅप्टर लावला, उलट्या टोकांचा. जन्मभर गिऱ्हाइकांना 'आधी टोकं बघा' सांगणारा माणूस. धूर निघाला आणि पेडल गेलं. तेव्हापासून ते दुरुस्तीच्या टेबलाशी बसत नाहीत, तुझा फोन आला की अंघोळीला जातात. आवाज वाचलाय म्हणून कितीदा सांगितलं, पण माझ्या वाजवण्यावर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा रविवारी तू फोन कर आणि काही बोलायच्या आधी वाजव. बाथरूमला मी बाहेरून कडी घालून ठेवते.

तुझीच,
टकळी