काळ्या दोऱ्यातली चावी

मी योगराज छगन बागुल, वय सत्तावीस, काम लूम कारागीर, सध्या राहणार सरलाबाईंची चाळ, खोली नंबर सहा, भेस्तान, सुरत. मूळ राहणार मु. पो. नांदवाडे, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे. मूळ गाव मुद्दाम पूर्ण लिहिलं आहे. कारण पुढे येईल.

आज माझी अक्कल ठिकाणावर आहे. मी दारू प्यायलेलो नाही, कोणी दम दिलेला नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेलं नाही. येत्या गुरुवारी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. चार महिन्यांपासून मशीनवर धाग्याची तार तुटलेली मला उजव्या डोळ्याने दिसत नव्हती. मी म्हणायचो दिवा खराब आहे. दिवा चांगला होता, डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ काढू, पण तिच्याबरोबर आणखी काय जाईल ते आत्ता सांगता येत नाही. माणसं ओळखशील की नाही तेही नाही. म्हणून मेल्यावर काय करायचं ते, आणि जगूनही शुद्ध नसली तर काय करायचं ते, दोन्ही आज लिहून ठेवतो.

शाळेच्या उषाबाई म्हणाल्या, "तू सांग, मी लिहिते." मी नको म्हणालो. त्यांनी लिहिलं असतं तर चांगलं झालं असतं, पण माझ्या चुकीच्या गोष्टी त्यांनी मऊ केल्या असत्या. मी सातवीपर्यंत शिकलोय, तेवढ्यात जे येतं ते हे आहे.

कलम १. नांदवाड्याच्या जमिनीत जो काही माझा हिस्सा येतो तो बहीण गायत्रीचा. माझं तिथं काही नाही. मी चौदाव्या वर्षी निघालो तो सुरत, मग कडोदरा, मग कामरेज, मग परत सुरत. तेरा वर्षांत अकरा कारखाने केले. आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी आहे. आईचं सगळं गायत्रीने केलं. बँकेत थोडं आहे तेही तिच्या पोरीच्या शाळेसाठी. गायत्री, यावर भावकीत कोणी बोललं तर हा कागद दाखव आणि बोलू नकोस.

कलम २. माझी कातर, तार ओढायचा हूक आणि सायकल खोलीतला जोडीदार ओंकार याला. सायकलची चेन उतरते, त्याला माहीत आहे. कारखान्याच्या मास्टरला काही नाही. त्याला शिवी लिहिणार होतो. पण फोन त्याच्या भीतीने मीच बंद केला होता, ते कलम ५ मध्ये येईल, तेव्हा ती शिवी कोणाला जाते ते आधी बघितलं पाहिजे.

कलम ३. आता थारा ट्रस्टबद्दल. हे गायत्रीला आणि गावच्या लोकांना माहीत नाही म्हणून लिहितो. आमच्या चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरहद्दीच्या पलीकडून, सिंधमधून आलेली कुटुंबं राहतात. तीर्थाला म्हणून आली आणि परत गेली नाहीत. त्यांचे कागद, पोरांची शाळा, दवाखाना हे बघायला इथल्या चार माणसांनी ट्रस्ट काढला. बँकेतून रिटायर झालेले अशोककाका पुराणिक, मराठी शाळेच्या उषाबाई, झेरॉक्सवाला नितीन आणि साडीचे दुकानदार मगनभाई. पगार कोणालाच नाही. वस्तीजवळचा एक माणूस पाहिजे म्हणून पाचवा मला घेतला, कारण नळाला पाइप लावून शेडमध्ये पाणी मीच दिलं होतं.

पहिल्या मीटिंगला अशोककाका म्हणाले, "योगराज, जरा खालून पाच चहा सांगून ये."

मी म्हणालो, "मी ट्रस्टी आहे का चहावाला, ते एकदा ठरवा."

काका लाजले. स्वतः उठून चहा सांगून आले, आणि त्या दिवसापासून मला अहो-जाहो करायला लागले. मला ते आवडलं. तिथून माझं बिघडलं.

कलम ४. चावी. पावसाळ्यात खाडीचं पाणी शेडमध्ये शिरलं, कागद भिजले, एका घरचा पासपोर्ट उंदरांनी खाल्ला. ट्रस्टने ठरवलं की सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद मगनभाईंच्या दुकानावरच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवायचे. अशोककाका बँकेचे. ते म्हणाले, तिजोरी कधी एका चावीने उघडत नाही. दोन कुलपं, दोन माणसं. एक चावी काकांकडे. दुसरी कोणाकडे? मी हात वर केला.

मी ती काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. कारखान्यात लोक विचारायचे, कसलं लॉकर आहे रे तुझं. मी सांगायचो, एक्केचाळीस घरांचं.

एकदा नितीनने मला न विचारता काकांची चावी आणि माझ्या कुलपाची डुप्लिकेट घेऊन कपाट उघडलं, दोन कागद झेरॉक्स केले, परत ठेवले. काही वाईट केलं नाही. मी मीटिंगमध्ये आरडाओरडा केला. डुप्लिकेट मागून घेतली आणि सगळ्यांसमोर खाडीत फेकली. काकांकडून वहीत लिहून घेतलं: योगराज बागुल यांच्या हजेरीशिवाय कपाट उघडले जाणार नाही, कारण कोणतेही असो. "कारण कोणतेही असो" हे शब्द माझे आहेत. काकांनी विचारलं होतं, "एवढं कडक कशाला?" मी म्हणालो, लिहा.

कलम ५. शेडमधल्या भागीरथीबेनची आई पलीकडे राहिली होती. आजारी होती. जाऊन परत यायची परवानगी मिळावी म्हणून बेनने अर्ज केला, त्याला सात महिने लागले. गेल्या वर्षी होळीच्या आधी, गुरुवारी संध्याकाळी परवानगी आली. शनिवारी दुपारी दोनपर्यंत कचेरीत पासपोर्ट दाखवून शिक्का घ्यायचा, नाहीतर परवानगी रद्द आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्याच गुरुवारी सकाळी गायत्रीचा फोन आला होता, आईचं खरं नाही, निघ. मी पाळी सोडून दुपारच्या गाडीला बसलो. मास्टरचे फोन यायला लागले, शिव्या नकोत म्हणून फोन बंद करून पिशवीत टाकला. गळ्यात काय आहे ते डोक्यातही आलं नाही.

घरी पोचलो तेव्हा आईने डोळे उघडले. म्हणाली, "उना का रे भाऊ. जेवना का." आला का, जेवला का. मी जेवलो नव्हतो. हो म्हणालो. शुक्रवारी सकाळी ती गेली.

मडकं धरून पुढे चाललो तेव्हा अंगात सदरा नव्हता. चावी छातीवर वाजत होती. चुलत्याने विचारलं, "हा काय ताईत बांधला रे?" मी म्हणालो, "ट्रस्टची आहे." आणि तेव्हाही मला काही सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी सुरतेत चौघे बसले होते. काय बोलणं झालं ते उषाबाईंनी नंतर मला जसंच्या तसं सांगितलं.

उषाबाई म्हणाल्या, "अशोकराव, कोपऱ्यावरचा कुलूपवाला बोलवा. पाच मिनिटांचं काम आहे."

काका म्हणाले, "आधी ठराव वाचा. एक्केचाळीस घरांचे कागद आहेत. नियम एकदा मोडला की पुढे कोणीही मोडेल."

मगनभाई म्हणाले, "ठराव ठराव शुं करो छो. एनी मा मरे छे." ठराव ठराव काय करता, बेनची आई मरतेय.

नितीन म्हणाला, "त्याचा फोन बंदच येतोय. खोलीवर जाऊन आलो, ओंकार रात्रपाळीला गेलाय. सरलाबाई म्हणतात गावाला गेला. मी आत्ता गाडी काढतो, चावी घेऊन सकाळपर्यंत येतो."

काकांनी विचारलं, "कुठलं गाव?"

कोणाला माहीत नव्हतं. काकांच्या वहीत एक्केचाळीस घरांचं पलीकडचं गाव, तालुका, जिल्हा, बापाचं नाव, सगळं सुवाच्य अक्षरात आहे. ट्रस्टींच्या पानावर माझ्या नावापुढे खोली नंबर सहा. चार वर्षं मी त्यांच्या शेजारी बसलो. खानदेशचा आहे एवढं त्यांना पुरलं. खानदेश किती मोठा आहे ते त्या संध्याकाळी कळलं असेल. हा माझा राग आहे. मी तो कोणालाच बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. सोडलेला नाही.

शनिवारी दुपारी चार वाजता अशोककाकांनी हातोडा घेऊन स्वतः माझं कुलूप फोडलं. कचेरी दोनला बंद झाली होती. सोमवारी काका आणि बेन तिथे जाऊन उभे राहिले. साहेब म्हणाले, तारीख गेली.

बेनची आई त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी गेली. म्हणजे भेट झाली असती. मग थोड्या दिवसांनी सरहद्दीचं गेटच बंद झालं.

कलम ६. आईचं दहावं करून मी डोकं भादरून सुरतेला आलो. वाटेत फोन चालू केला आणि नितीनने सगळं सांगितलं. सरळ शेडवर गेलो. मनात होतं, बेन मारेल तर बरं. बेनची आई तेव्हा तिकडे जिवंत होती आणि तिला जाता येत नव्हतं. बेनने माझं डोकं बघितलं. आतून पाणी आणून दिलं. ती तिच्या बोलीत बोलते, गुजरातीसारखी, मी मराठीत लिहितो.

"आई?"

"हो."

"तुला दिसली ना?"

"दिसली."

"मग बरं झालं, भाई. दोघींतल्या एकीला तरी लेकरू दिसलं."

पुढे तिची आई गेल्याचा फोन आला तेव्हाही ती मला काही बोलली नाही. फक्त तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी विचारते, तुझ्या आईचं शेवटी तोंड कसं दिसत होतं ते परत सांग. मी सांगतो. डोळे असे, ओठ असे, कपाळावर ही शीर. ती ऐकते आणि माझ्या आईच्या तोंडावरून स्वतःच्या आईचं बसवत जाते. मधेच म्हणते, नाही, आमची जरा सावळी. कोर्टात उभं केलं असतं तर एवढं जड गेलं नसतं.

माझी आई धुरपदाबाई हिच्या हातातली चांदीची दोन कडी माझ्याकडे आहेत. ती मी भागीरथीबेनला देतो. गायत्री, ती तुझी होती हे मला माहीत आहे. मी तुला फोनवर विचारलं तेव्हा तू म्हणालीस, दे, मी तर आईचे पाय पण धुतले. हे तुझं बोलणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. गुरुवारनंतर विसरलो तर तो माझा दोष नाही.

कलम ७. फोडलेल्या कुलपाच्या जागी नवं लावलं, म्हणजे कपाटाला अजूनही दोन चाव्या आहेत. दुसरी काकांच्या टेबलाच्या खणात पाकिटात आहे, वर माझं नाव आहे. काकांनी दोनदा पुढे केली, मी घेतली नाही. ते पाकीट आता उघडा. ज्याचे कागद त्याला देऊन टाका, पाणी लागू नये म्हणून झाकणाचे डबे द्या. भिजले तर भिजले, उंदीर लागला तर लागला. निदान ज्याचे आहेत त्याच्या घरात भिजतील.

जुनी चावी अजून माझ्या गळ्यात आहे. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढतात. ती नितीनला द्यावी. ती आता कुठलंच कुलूप उघडत नाही. त्याने ती खाडीत टाकावी, तिची जोडीदार तिथेच आहे. आणि नितीन, त्या दिवशी सगळ्यांसमोर तुला चोर म्हणालो ते मी मागे घेतो.

कलम ८. ट्रस्टीची खुर्ची वारसाने देता येत नाही हे काका मला सांगतील, म्हणून देत नाही, मागतो. माझ्या जागी भागीरथीबेनला घ्या. तिच्या लोकांचं काय करायचं ते ठरवताना तिच्या लोकांतलं कोणीच खोलीत नसतं, हे पाच वर्षांत आपल्या पाचांपैकी एकालाही विचित्र वाटलं नाही. ती अजून नागरिक नाही म्हणून कायद्यात अडलं, तर खुर्ची रिकामी ठेवा आणि तिच्या कागदाची वाट बघा. वाट बघणं तुम्हाला जमतं. तिला पहिल्याच दिवशी चहा सांगायला पाठवू नका.

कलम ९. या मृत्युपत्राप्रमाणे सगळं करण्याचं काम मी अशोककाका पुराणिक यांच्यावर सोपवतो. काका, तुम्हाला नवल वाटेल. फोडलेलं कुलूप तुम्ही टेबलावर ठेवलंय, रोज बघता, हे मी पाहिलंय. एकदा तुम्ही मला म्हणालात, "योगराज, मी ते शुक्रवारीच फोडायला पाहिजे होतं." तेव्हा बोलायला पाहिजे होतं ते आता लिहितो. लिहायला मी लावलं, पाळलं तुम्ही. दोघांनी मिळून केलं. लिहिलेलं तुम्ही पाळता याचाच मला राग आहे, आणि म्हणूनच हे काम दुसऱ्या कोणाला देत नाही.

कलम १०, शेवटचं. मी जगलो आणि माणसं ओळखली नाहीत, तर मला गायत्रीकडे नांदवाड्याला पोचवा. पत्ता वर पूर्ण लिहिला आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी, दोंडाईचाला उतरायचं, तिथून जीप मिळते. वहीतही उतरवून घ्या.

मेलो, तर गायत्री येईपर्यंत थांबा. आणि तिच्याबरोबर भागीरथीबेनला बोलवा. माझं तोंड बघायला आता आई नाही. बेनला तिच्या आईचं बघायला मिळालं नाही. तेव्हा मला झाकायच्या आधी तिला जवळ येऊ द्या, तिला पाहिजे तितका वेळ बसू द्या. ती कोण लागते म्हणून दवाखान्यात कोणी कागद मागितला तर हा दाखवा. ती माझी कोणी लागत नाही, तरी तिचा हक्क आहे, मी लिहून देतो.

काका, यासाठी मीटिंग बोलवू नका.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, परत वाचून बघितलं, आणि खालच्या दोघांसमोर सही केली. त्यांना यातून काही मिळत नाही, सरलाबाईंचं एका महिन्याचं भाडं ओंकार देईल ते सोडून.

सही: योगराज छगन बागुल
मु. पो. नांदवाडे, ता. शिंदखेडा, जि. धुळे

साक्षीदार:
१. सरलाबाई, चाळमालकीण, भेस्तान (सही)
२. तुषार, मेडिकलवाला, भेस्तान (सही)

ठिकाण: भेस्तान, सुरत
तारीख: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार