डाव्या कानावरचं फूल

हुआहिने बेट, रविवार, प्रार्थनेनंतर

तीर्थस्वरूप मोएआताईस, धाकट्या तावाएचा नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, म्हणून उभ्यानेच.) तुझा दमा कसा आहे? पापेतेची धूळ कमी खा. मी मजेत आहे. नीरफणस भाजतो, मासे मिळतात, होड्या दुरुस्तीला येतात. तेव्हा 'पुन्हा संसार मांड' हे टुमणं आता बंद कर. बायको गेल्यापासून गावातल्या एकाही बाईने माझ्याकडे वळून पाहिलेलं नाही आणि त्याचं मला (फारसं) वाईट वाटत नाही.

खरं म्हणजे एकीने पाहावं असं वाटत होतं. धक्क्याजवळ राहणारी विधवा मारेवा, अंगाकेसांना लावायचं फुलांचं तेल करते ती. तिच्याकडे तिआरेच्या फुलांची झुडपं दोनच, माझ्या कुंपणाला सगळी तीच. म्हणून रोज पहाटे मिटलेल्या कळ्या खुडून मी तिच्या दारात हजर. (उमललेलं फूल तेलाला चालत नाही, वास आधीच उडालेला असतो.) ती कळ्या घ्यायची, 'बरं' म्हणायची आणि दार लोटायची. मी नारळ खवून दिले. तेल सुटायला खोबऱ्यात घालतात ते शंखातले खेकडे बोटं चावून घेत पकडून आणले. तरी तेच 'बरं'. मनाला फार लागलं, ताई.

परवा खोबऱ्याचं ताट उन्हात ठेवता ठेवता तिने सुनावलंच, "घरी एक असताना माझ्या दारात कळ्या कसल्या आणता? लाज नाही वाटत?"

"घरी कोंबड्यांशिवाय कोणी नाही," मी म्हटलं.

"मग रोज डाव्या कानावर फूल कशाला? सुताराने कोणाला लपवून ठेवलंय म्हणून अख्खं गाव विचारतंय."

आता तूच सांग. डावा कान गुंतलेल्यांचा, उजवा मोकळ्यांचा, हे आपल्याला दुधाच्या दातांपासून ठाऊक. पण माझ्या उजव्या कानावर पेन्सिल असते. इतकी वर्षं फूल रिकाम्या कानावर जात होतं. हे ऐकून ती एवढी हसली, की ताट कलंडलं आणि खोबरं कोंबड्यांनी संपवलं. मग मला पायरीवर बसवलं, "लाकडाच्या भुशाने केसांचा काथ्या झालाय," म्हणत वाटीभर तेल डोक्यावर जिरवलं, पेन्सिल काढून स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि फूल उजव्या कानावर लावलं. मला फार बरं वाटलं. बाकी विशेष काही नाही.

तुझा,
तावाए

ता.क. पुढच्या बोटीने ये. पाद्रीबाबांशी बोलायला घरातलं मोठं माणूस लागतं.

ता.क. आणखी एक. आज सकाळी फूल पुन्हा डाव्या कानावर आलं, या वेळी तिने खोवलं. पेन्सिल अजून तिच्याच अंबाड्यात आहे. फळीवर रेघ मारायची झाली की धक्क्यापर्यंत जावं लागतं. येताना नवी आणू नकोस.