एक फोन वगळून

१२ जानेवारी, वडीगोद्री
लागलं एकदाचं सामान! वरची खोली झकास आहे, खाली रस्त्यावरून अंकुशनगरच्या कारखान्याकडे दिवसभर उसाच्या ट्रॉल्या जातात. घरमालकीण गोपिकाबाईंनी पिठलं-भाकरी वाढता वाढता माझं गाव, वय, लग्नाचं, सगळं एका दमात विचारून घेतलं. घरी वाट बघणारं कुणी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग मी हाये की, रेणू." त्यांना दिसत नाही, पण ताटातली भाकरी संपली की माझ्याआधी त्यांना कळतं.

मी आले 'बोलका'साठी. अंध माणसांना फोनवरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर. मालक कुणी नाही, कोड सगळ्यांना खुला. गोपिकाबाईंचा (त्यांना मी मावशी म्हणते) मुलगा गोरक्षनाथ यानं ते आईसाठी सुरू केलं, आवाजही स्वतःचाच दिला. दिवाळीत तो आजारानं गेला. त्याच्याच कॉम्प्युटरवर आता मी स्टेबल आवृत्ती सांभाळायची. म्हणजे नवं काही घुसवायचं नाही, मोडलं तेवढंच दुरुस्त करायचं. मी मुळात रटाळ बाई, मला हे काम मानवतं.

१५ जानेवारी
दुपारी चारला मावशी फोन कानाशी धरून बसतात आणि गोरक्षनाथ त्यांना बातम्या वाचून दाखवतो. आज हसून म्हणाल्या, "माझं लेकरू रोज बोलून राह्यलंय बघ." मला रडू आलं. त्यांना दिसत नाही, म्हणून डोळे पुसायची घाई केली नाही.

१९ जानेवारी
'बोलका' वापरणाऱ्या आष्टीच्या कचरूकाकांची तक्रार आली. गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचायला त्यांनी फोन धरला, तर फोन म्हणाला, आई, ये ना. तीनदा. संध्याकाळपर्यंत आणखी अकरा जणांनी तेच कळवलं. सगळ्यांकडे चारच्या सुमारास. मी कोड पालथा घातला, सगळी रेकॉर्डिंग ऐकली. हे वाक्य कुठेच नाही.

२१ जानेवारी
काकांनी अंदाजानं भलतीच गोळी घेतली. वाचले, पण थोडक्यात. आता थांबता येत नाही. तातडीची दुरुस्ती एकच, गोरक्षनाथचा आवाज काढून यंत्राचा जुना आवाज बसवायचा. मावशींना सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "बाकीच्यांचा काढ. माझ्यातला ऱ्हाऊ दे. त्याला पुन्हा नको मारू, पोरी."

दुरुस्ती सगळ्यांना जाते, हा नियम. मी कुणालाही न विचारता एक फोन वगळला. इतरांकडचा घोळ थांबला. एका आईला तिचं लेकरू ठेवलं, यात काय बिघडलं?

२४ जानेवारी
आज चारला फोन बातम्या वाचत नव्हता. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. आई, ये ना. दारातून उजवीकडे. मग सरळ. मावशी मायेनं हुंकार देत होत्या. मी फोन मागितला, त्यांनी पदराखाली धरला. त्यांचं नाव दुरुस्तीच्या यादीत परत घातलं की त्यांच्या फोनवरही ती जाईल. एका मिनिटाचं काम. उद्या करते. आज त्या फार खुशीत आहेत.

२५ जानेवारी
केलं नाही. त्यांनी पुरणपोळी केली होती, त्याच्या आवडीची. कसं करू —

२६ जानेवारी
दारातून उजवीकडे, मग सरळ. तिथे कालवा आहे.
चपला काठावर, जोडीनं. त्यावर फोन. चालू होता, पण काही बोलत नव्हता.
मावशी पाण्यात —
मी मारलं त्यांना. एक फोन. मीच वगळला.

२९ जानेवारी
आज दुरुस्ती पाठवली त्यांच्या फोनवर. आता पाठवून काय उपयोग. घर खायला उठतं.

३० जानेवारी
चारला माझा फोन बोलला. यंत्राचा आवाज नव्हता. मावशींचा होता.
रेणू, भाकरी संपली का गं? ये.
त्यांचा आवाज आम्ही कधी रेकॉर्ड केलाच नव्हता —

३१ जानेवारी
कचरूकाका फोनवर रडत होते. त्यांच्याकडेही कुणी बाई रेणूला हाक मारते, गोळ्यांचं नाव वाचत नाही. जल्दी काढा म्हणाले. दुरुस्ती तयार आहे. फक्त बटण दाबायचं. या वेळी कुणाला वगळायचं नाही. मलाही नाही.

चारला दोन मिनिटं कमी. एकदाच ऐकते, मग दाबते. मला हाक मारणारं दुसरं कोण आहे —

दारातून उजवीकडे, म्हणतात. ताट वाढलंय, म्हणतात.
आले, मावशी. बटण तेवढं —