आत्यावर ओरडायचं कसं?

३ मार्च
चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद.

आजच्या पेपरात तुझा नि माझ्या लेकीचा फोटो शेजारी शेजारी आलाय. वर मथळा, मावळती की उगवती? दोघींना पहिला बास्केटबॉल मी आणून दिला, त्याचा मात्र कुठे उल्लेख नाही! वहिनीने कापून ठेवायला कात्री आणली होती, मथळा वाचून तशीच परत नेली.

नवखी असून ती तुझ्यापेक्षा जास्त गुण करते आणि तू अर्ध्या खेळातच धापा टाकतेस, असं लिहिलंय. खरं सांग, अंतिम सामन्यात तुला बाकावर बसवणार का? एवढी वर्षं खेळलीस, पण हा कप कधी हाती लागला नाही, आणि यंदा तुझं शेवटचं वर्ष. पोरीने तुझी जागा घेतली तर मी टाळ्या कशा वाजवू?

गुडघ्याला जप. माया आहेच.
तुझा दादा

७ मार्च
ती. दादास, कृ. सा. न. वि. वि.

पेपरवाले खोटं लिहीत नाहीत. मी वळेपर्यंत तिची बास्केट झालेली असते. पण समोरच्या पाचजणी पुढे काय करणार, ते मला आधी कळतं, तिला अजून कळत नाही. दोघी एकत्र खेळलो तर कप आमचाच. कोच मात्र एकीलाच घेणार म्हणतात, आणि ती मी नव्हे.

कारण ऐक आणि कपाळावर हात मार. चेंडू नेताना माझी नजर पुढे असते. मागून जी ओरडेल तिच्याकडे मी न बघता पास देते. बाकीच्या ओरडतात, तुझी लेक मोकळी उभी असूनही तोंडातून शब्द काढत नाही, म्हणून तिला माझा पास मिळत नाही आणि कोच म्हणतात, तुमची जोडी जमत नाही. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आत्यावर कधी आवाज चढवायचा नाही, असं बाबांनी बजावलंय. दादा, तुझे संस्कार मला बाकावर बसवणार! ते ताबडतोब मागे घे. मला हा सामना खेळायचाय रे.

वहिनीला नमस्कार. रागावू नकोस, लोभ ठेव.
तुझी धाकटी

१० मार्च
चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

घरचा नियम घरात. मैदानात आत्यावर बेंबीच्या देठापासून ओरड. वेंधळी म्हण, आळशी म्हण. लहानपणी मी याहून वाईट म्हणायचो, तिला काही झालं नाही. गप्प राहिलीस तर मात्र मी रागावेन.

तुझा बाबा

१६ मार्च
ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

जिंकलो!

तुमचं पत्र आत्याने कोचना मोठ्याने वाचून दाखवलं. ते पोट धरून हसले आणि दोघींना उतरवलं. तरी अर्धा खेळ होईपर्यंत माझा आवाज काही फुटेना. आम्ही मागे पडलो. आत्या पाणी पिताना मला एका शब्दाने बोलली नाही, आणि मला स्वतःचाच भयंकर राग आला.

अगदी शेवटी आम्ही एका गुणाने मागे होतो. आत्यासमोर तिघीजणी, त्यात ती लंगडत होती. मी डावीकडे मोकळी. ए म्हातारे, इकडे टाक, असं मी एवढ्या जोरात ओरडले की सगळं स्टेडियम हसलं. तिने वळूनही पाहिलं नाही, चेंडू मात्र थेट माझ्या हातात आला. मी टाकला, आत गेला, शिट्टी झाली.

कप घ्यायला आत्याला बोलावलं, तर ती गुडघा धरून खाली बसलेली, डोळे पुसत. मी परत ओरडले. आत्या निमूट उठली, आणि गेली ती एकटी नाही, मला हाताला धरून. तिने कप डोक्यावर उचलला तेव्हा तर मी अशी ओरडले की माझा घसाच बसला. म्हणून सामन्यानंतर तुमचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून नुसती हवा येत होती.

आईला साष्टांग नमस्कार. तुमची माया अशीच राहू द्या.
तुमची लेक