झुणक्यावरचे तपकिरी दाणे

शनिवार, ३ फेब्रुवारी २००७

उद्या नातीला, सुरभीला, दाखवायचं — आणि तेही हॉटेलात! पाहुण्यांनी मुलीच्या घरी यावं, पोहे खावेत, मुलगी पाहावी. इथं आम्हीच समुद्रपूरहून एसटीने वर्धेला जायचं. का, तर मुलाचं स्वतःचं हॉटेल आहे. कैलास म्हणतो, "बाबा, आता तसं नाई राह्यलं."

वर बजावलं — "लकव्याचं नाव काढू नका. काका कायनं गेले? बीपीनं."

माझे वडील लकव्याने गेले, धाकटा भाऊ मोतीराम लकव्याने गेला. हे कळलं की सोयरे मागे फिरतात. म्हणून लपवायचं. मीही हो म्हटलं. सुरभीसाठी.

सून कोकिळा म्हणाली, "मामाजी, तुम्ही बोलू नका. नुसते जेवजा."

बरं! नुसतं जेवतो.

रविवार, ४ फेब्रुवारी

घात झाला. आज लिहवत नाही.

सोमवार, ५ फेब्रुवारी

लिहितोच. घरात कोणी बोलत नाही, मग करू काय?

हॉटेल की भुयार! भर दुपारी अंधार, टेबलावर एवढासा दिवा. मुलगा प्रफुल पुण्याला शिकून आलेला, स्वतःच रांधतो. म्हणे चीनमधल्या सिचुआनचं तिखट अन् आपलं वऱ्हाडी तिखट एकत्र केलं. काऊन केलं? दोन्ही वेगवेगळी बरी होती की!

माझ्यापुढे झुणक्याच्या वड्या आल्या. वड्या चार, वर मिरच्यांचा ढीग, मिरच्यांत तपकिरी दाणे. वड्या खाल्ल्या. आता बाकीचं? आमचे गुरुजी सेवाग्रामच्या आश्रमात राहिलेले. ताटात शीत दिसलं तर उठू देत नसत. चौथीत शाळा सुटली, ही सवय सुटली नाही. त्यातून सोयऱ्यांचं घरचं अन्न! मिरच्या खाल्ल्या. दाणे वेचून वेचून चावले. मुलाची आई अनुसयाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, कौतुक करताहेत.

मग ओठांना मुंग्या आल्या. जीभ लाकूड झाली. गालाला चिमटा काढला — काही कळेना!

मी उभा राहून ओरडलो, "कैलास! लकवा! बापाले असाच आलता! मोतीरामलेही असाच आलता!"

सगळं हॉटेल माझ्याकडे. कैलासने डोक्याला हात लावला. मुलगा आतून धावत आला. ताट पाहून त्याला हसू आलं, पण आवरलं बिचाऱ्याने.

"आबाजी, ते चिनी मिरे होय. चावाचे नसतात. तोंड बधिर होते, थोड्या वेळात उतरते."

उतरलंही! पण आधी सांगायला काय झालं होतं? खायचं नाही ते ताटात वाढावंच कशाला?

अनुसयाबाई एवढंच म्हणाल्या, "तुमच्या घरी दोघांले लकवा?"

परतताना एसटीत सुरभी शेजारी बसली. खिडकीकडे तोंड. तिला मुलगा आवडला होता, मला कळलं होतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

फोन नाही.

कोकिळा भांडी आपटते. कैलास आल्यागेल्याला सांगतो, "बाबानं सगळं खाऊन टाकलं, सोयरीकही." लोक हसतात. हसा!

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

फोन नाही. आपणच करावा म्हटलं तर कैलास अंगावर आला — "आता अजून काय सांगाचं राह्यलं?"

सुरभीला म्हटलं, "चुकलो, बाई." ती म्हणाली, "खोटं तर नाई बोलले ना, आबा." भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

रविवार, ११ फेब्रुवारी

अनुसयाबाई आल्या. एकट्याच, न कळवता. कैलासला वाटलं, नकार द्यायला. पाणीही घेतलं नाही, आधी बोलल्या —

"माह्या थोरल्या पोरीले मिरगी हाये, झटके येते. कोणाले सांगतलं नाई. पाहुणे आले का तिले मागच्या खोलीत बसवतो. आबाजी भर हॉटेलात बोलले, अन् मी घरी जाऊन तिच्या खोलीची कडी काढली तं मलेच लाज वाटली. आता तुम्ही ठरवा."

कैलास माझ्याकडे पाहू लागला. मी सुरभीकडे.

ती चप्पल घालत होती. "चाला आबा, आधी ताईले भेटून येऊ."