मांजराचं वजन आणि माझा गेटर

३ मार्च, सोमवार
मेव्हण्याच्या जनावरांच्या दवाखान्याचा प्रोग्रॅम मी लिहिणार. जावास्क्रिप्टमध्ये. बायको म्हणाली, माझा धाकटा भाऊ आहे, जरा जपून. विश्वास आहे तिचा.

४ मार्च
रिसेप्शनवरची मुलगी वजनाच्या रकान्यात 'गुबगुबीत' असं लिहिते. म्हणून सेटर बसवणार. सेटर म्हणजे दारावरचा पहारेकरी. आकडा असेल तरच आत.

संध्याकाळी
सेटर वजन ठेवायला गेला की पुन्हा स्वतःलाच हाक मारतो. तो परत स्वतःला. कॉम्प्युटरने हात टेकले. कॉम्प्युटर जुना आहे.

५ मार्च
आतलं वजन वेगळ्या नावाने ठेवायचं असतं. माहीत होतंच. खात्री करत होतो.

६ मार्च
आता गेटर. कुणी वजन विचारलं की तो सांगतो. नुसतं सांगायचं? त्यात अक्कल ती काय? दवाखान्याचा काटा अर्धा किलो कमी दाखवतो, म्हणून गेटर अर्धा किलो मिळवून सांगेल आणि तेच साठवूनही ठेवेल. मेव्हण्याने मागितलं नव्हतं. यालाच दूरदृष्टी म्हणतात.

१० मार्च
प्रोग्रॅम सुरू. रिसेप्शनवाल्या मुलीचा फोन. म्हणे, शिक्षिकाबाईंचं मांजर सकाळपासून वासराएवढं झालंय. मी म्हटलं, काय खातंय ते विचारा.

११ मार्च
बाईंनी मांजराचं दूध बंद केलं. मांजर ओरडतंय, बाई रडतायत. मेव्हणा म्हणाला, भावोजी, स्क्रीनवर जितक्यांदा बघावं तितकं ते वाढतंय! सुदैवाने त्या वजनाच्या हिशोबाने भुलीचं इंजेक्शन भरण्याआधी त्याने मांजर हातात उचलून बघितलं, नाहीतर मांजर कायमचं झोपलं असतं.
दोष सापडला. लोक फार बघतात. स्क्रीनवर चिठ्ठी लावायला सांगितली: वजनाकडे विनाकारण पाहू नये.

१२ मार्च
प्रोग्रॅम काढून टाकला. भिंतीवर फळा लावला. मेव्हणा एक शब्द वावगा बोलला नाही. भावोजींना बोलायचं कसं! उलट म्हणाला, रोज दवाखान्यात याल का, तुमच्याशिवाय अडतंय.
शेवटी कदर झाली. बायकोला सांगितलं. ती तोंडाला पदर लावून आत गेली. आनंदाश्रू असावेत.

१३ मार्च
काम समजलं. मांजरं काट्यावर एकटी थांबत नाहीत. मी कडेवर घेऊन उभं राहायचं, मग माझं वजन वजा करायचं. माझं वजन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय.
मी पुन्हा पुन्हा पाहिलं. वाढत नाही.
मुळातच तेवढं आहे.