निळ्या आयरिसची कुंडी

आई,

तुझा निळा आयरिस माझ्या हयगयीने मेलेला नाही, एवढे एकच विधान सिद्ध करण्यासाठी हे लिहिते आहे. तू नाहीस, आणि इतर कोणी मला जाब विचारलेला नाही. आरोप नसताना बचाव मांडणे हा दोष आहे, असे मी तर्कशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. तरीही मांडते.

कुंडी तू ठेवलीस तिथेच होती, परसात, उत्तरेकडच्या भिंतीला लागून. पाणी मी नेहमी बोटाने माती चाचपूनच घातले. ऐप्पसी महिन्याच्या पावसात कुंडी उचलून आत घेतली. पाऊस यंदा लांबला, हवा ओली राहिली, आणि एका सकाळी पान धरले तर ते बुडासकट हातात आले. कंद उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ झाला होता. सडलेला भाग कापला, कापलेल्या जागी हळद चोळली आणि उरलेला अंगठ्याएवढा तुकडा कोरड्या वाळूत ठेवला. यात हयगय कुठे आहे ती मी पुन्हा पुन्हा शोधली. मला सापडत नाही.

हा कंद तू कोडाईकानलहून इडलीच्या डब्यात घालून आणलास, तेव्हा मी नुकतीच कॉलेजात शिकवू लागले होते. मार्गळी महिन्यातली, डिसेंबरातली पहाट आहे. तू फ्रिजमधला बर्फाचा ट्रे ओट्यावर आपटतेस, खडे पदरात घेतेस आणि परसात जाऊन ते कुंडीतल्या मातीवर गोल मांडतेस. मी दारात कॉफी घेऊन उभी आहे. "थंडीशिवाय हा फुलत नाही," मी म्हणते, "तंजावुरात थंडी नाही. मग हा फुलणार नाही. यात कुठे चूक असेल तर दाखव." तू वळूनसुद्धा बघत नाहीस. "त्याच्याशी वाद नको घालू," म्हणतेस, "पान फुटतं अहे त्याला." त्या वर्षी फूल आले नाही. नंतरही कधी आले नाही. माझे म्हणणे दरवर्षी खरे ठरत गेले आणि तू दरवर्षी बर्फ मांडत गेलीस.

तू जमवलेली बायकांची आयरिस मंडळी खरे तर पिवळ्या आयरिसची होती. त्याचा दांडा फूल गळल्यावर वाकतो, टोकाशी नवे रोप धरतो आणि शेजारच्या कुंडीत आपणच रुजतो. ते रोप कापून दुसऱ्या घरी द्यायचे. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतली आठ-दहा घरे आणि तिरुवैयारुचे एक घर त्याने एकमेकांशी बांधली गेली होती. फूल एका दिवसाचे; म्हणून सकाळी कोणी "आज उमललं" असा निरोप धाडला, की संध्याकाळच्या आत सगळ्या बायका तिथे हजर. तुझा नियम एकच होता: ज्याचे झाड मरेल त्याने, आपण ज्याला दिले होते त्याच्या दारी जावे, आणि त्याने काही न विचारता तुकडा परत द्यावा. आभार कोणी मानायचे नाहीत. मला तेव्हा हा नियम भाबडा वाटे.

तू गेल्यावर मंडळीची जबाबदारी माझ्याकडे आली. बायका थकल्या होत्या, मुले चेन्नईला आणि त्याहून लांब गेली होती, कुंड्या उचलायला कोणी नव्हते. काहीतरी कमी करणे भाग होते. आपल्याच तिण्णैवर, दारापुढच्या त्या ओट्यावर, मी सर्वांना बसवले आणि मांडणी केली: ही मंडळी फुलासाठी आहे, जे फुलत नाही ते या हेतूत बसत नाही, म्हणून न फुलणारे झाड कोणी ठेवू नये, कोणाला देऊ नये. कोणी हरकत घेतली नाही. निळा फक्त आपल्याच घरी आहे, अशी माझी समजूत होती. त्या एका कुंडीला मी अपवाद केला. कारण दिले नाही. कोणी विचारलेही नाही.

वाळूतला तुकडा काळा पडू लागला तेव्हा तुझा नियम आठवून मी तिरुवैयारुची बस पकडली. तिथली तुझी मंडळीतली मैत्रीण, गाणे शिकवणारी मामी, अजून आहे. आता तिला नीट दिसत नाही, पण मला पावलांवरून ओळखले.

"काय ग प्रोफेसर, कोणाचं काय चुकलं म्हणून आलीस?"

आईने तुला कधी निळ्याचा तुकडा दिला होता का, असे मी विचारले.

"होता की. मला दिला, तुमच्या मागच्या गल्लीतल्या मामीला दिला, सगळ्यांना देऊन ठेवलेला तिने. पानंच पानं. फूल म्हणून कधी पाहिलं नाही."

"मग आता कुठे आहे?"

"तू सांगटलीस ना, न फुलणारं ठेवू नये म्हणून. काढून टाकलं."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. इतकं नीट समजावून सांगटलीस, नाही कसं म्हणायचं? घरी येऊन मी शोधलं की, तुला उलट काय सांगता येईल ते. सापडलं नाही." ती हसली. "आणि तुझ्याकडे अहेच की, म्हणून काळजी नव्हती. कॉफी पी, निवते अहे."

मी कॉफी प्यायले. निघताना तिने चाचपडत पिवळ्याचे एक रोप कापून माझ्या हातात दिले. मी आभार मानले नाहीत.

परत आले तेव्हा वाळूतला तुकडा बोट लावताच विरघळला. कोडाईहून दुसरा कंद मागवता येईल. त्याला निळा आयरिस म्हणता येईल. तुझा म्हणता येणार नाही. हयगय झाली नाही, हे विधान मी अजूनही मागे घेत नाही. ते सिद्ध आहे, आणि त्याचा आता काही उपयोग नाही.

घरातल्या मुलांना मराठी कळते, पण तमिळ शाळेत शिकल्याने ही अक्षरे वाचता येत नाहीत. म्हणून हा कागद टेबलावर उघडा पडून राहील. आज पहाटे मी ट्रे ओट्यावर आपटला आणि त्या रिकाम्या कुंडीतल्या मातीवर बर्फ गोल मांडून आले. याचे कारण मला देता येत नाही.

चूक कबूल करते: तू फुलासाठी देत होतीस, असे मी धरून चालले होते.

तुझी थोरली